शिशाचा जोड

"फी भरलीत का? आधी फी भरा, मग बोला."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की मेल्यावर वरतीसुद्धा कुणीतरी खिडकी सरकवून मला हेच विचारणार, यात मला काडीचीही शंका नाही. आणि वर सुटे पैसे मागणार.

मी प्लंबर. मी धंद्याला लागलो तेव्हा एकच परवाना असायचा. नळ असो, सांडपाण्याचा पाइप असो, नाहीतर गीझरची गॅसची नळी, सगळ्याला मिळून एक कागद आणि एक फी. मग वरती कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की चांगलं पाणी वेगळं, घाण पाणी वेगळं आणि गॅस वेगळा. एका परवान्याचे तीन झाले. चांगल्या पाण्याची खिडकी तळमजल्यावर, घाण पाण्याची दुसऱ्या मजल्यावर. पाणी वरून खाली येतं एवढं तरी त्यांना ठाऊक असायला हवं होतं, पण जाऊ दे. तीन अर्ज, तीन फिया, मग कार्ड छापायची फी, मग तपासणीची फी. तपासणीची फी दर वर्षी घेतात, आणि माझं काम तपासायला आजवर एक माणूस फिरकलेला नाही. आला असता तर चहा पाजला असता.

भरत आलो. शिव्या देत देत भरत आलो. माझी बायको म्हणते, "पैसेही देता आणि शिव्याही देता. दोन्हींतलं एक तरी वाचवा की." तिला सांगून उपयोग नाही. शिव्या दिल्या नसत्या तर माझं डोकं कधीच फुटलं असतं.

तर माझे हात थरथरतात. दोन्ही, पण उजवा जास्त. घरात मला चहा अर्धा कपच देतात, उरलेला नंतर. बोटांची टोकं बधिर झालीत, शर्टाची बटणं लावायची म्हणजे अर्धा तास आणि दहा शिव्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "काका, शिशाचं काम केलंय का कधी?"

मी म्हटलं, "बाई, निम्मं आयुष्य दुसरं काय केलं?"

तेव्हा पाइपच शिशाचे असायचे. जोड द्यायचा म्हणजे शिसं आणि कथील वितळवायचं, पळीनं जोडावर ओतायचं आणि दुसऱ्या हातातल्या जाड फडक्यानं खालून गोल गोल पुसत आणायचं, मोठ्या लिंबाएवढी फुगवटी येईपर्यंत. आम्ही त्याला जोड पुसणं म्हणायचो. डोकं धुरात, हात काळे, त्याच हातानं भाकरतुकडा खायचा. कुणी सांगितलं नाही की हे अंगात साठतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडांत जाऊन बसतं, निघत नाही. पुढे पिण्याच्या पाण्याच्या कामात शिशाला बंदी आली. उशिरा आली, पण चांगलं झालं. ज्या दिवशी बंदी आली त्या दिवशी मी दुकानातलं होतं नव्हतं तेवढं शिसं मोडीत घातलं, पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

आता काम ठमी करते. ठमी म्हणजे माझी मुलगी. एकुलती एक. लग्न झालंय, जावई छापखान्यात असतो, मऊ माणूस आहे, तिच्यापुढे चकार शब्द काढत नाही. मीही काढत नाही, तर तो काय काढणार! ठमी शाळेत असल्यापासून दुकानात. तांब्याचा जोड असा देते की हात फिरवला तरी कुठे सुरू झाला ते कळत नाही. गिऱ्हाइकं मला फोन करतात आणि म्हणतात, "काका, तुम्ही नका येऊ हं, ताईंना पाठवा." मला राग यायला हवा. येत नाही. या एका गोष्टीचा येत नाही.

तिची एक सवय आहे. बोलता बोलता माझा उजवा हात जास्तच हलायला लागला की ती त्यावर आपला हात ठेवते आणि घट्ट धरते. हाताचा विषय काढत नाही, आधीचं बोलणं चालूच. जरा वेळानं हात शांत होतो. "नळ बंद केला," म्हणते. बायकोनंही करून पाहिलं, पण तिच्यानं नाही होत.

आता नियम ऐका. साठीनंतर माझा चांगल्या पाण्याचा परवाना नुसती फी भरून पुढे सरकत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. नाहीतर मुदत संपायच्या आत घरातल्या कुणीतरी परीक्षा पास व्हायचं, म्हणजे दुकानाच्या परवान्याचा नंबर त्याच्या नावावर होतो. दोन्ही नाही झालं तर नंबर बाद. मग नवा परवाना, आणि त्याची फी इतकी की दुकान विकल्याशिवाय भरता येत नाही. आणि दुकान विकल्यावर परवाना काय कपाळावर चिकटवायचा?

माझी मुदत संपत आली होती. परीक्षा वर्षातून एकदाच. ठमीनं अर्ज भरला. अर्जाची फी, परीक्षेची फी, परीक्षेच्या टेबलाचं भाडं आणि जळणाचे पैसे. हो, शेगडी त्यांची आणि जळणाचे पैसे आमचे.

जळण कशाला? तर शिसं वितळवायला.

हो. बरोबर ऐकलंत. परीक्षेत आजही शिशाचाच जोड द्यावा लागतो. जो जोड द्यायला बंदी आहे, जो बाजारात कुणी दिला तर परवाना जातो, तो देऊन दाखवला तरच परवाना मिळतो! तांब्याचा विचारत नाहीत, प्लॅस्टिकचा विचारत नाहीत. का, तर नियमांचं पुस्तक जुनं आहे. आणि बदलत का नाही, तर निवृत्त झालेल्या परीक्षकांनी गावात क्लास काढलेत, तिथे शिशाचा जोड शिकवतात आणि दणकून पैसे घेतात. पुस्तक बदललं तर त्यांनी काय शिकवायचं?

आम्ही क्लास लावला नाही. मी घरात बसलेला असताना क्लास कशाला? पण शिसं दुकानात आणायचं नाही हे माझं ठरलेलं. मग ठमीला मी मेणावर शिकवलं. मेणबत्त्यांचं मेण वितळवायचं, पळीनं ओतायचं, फडक्यानं पुसायचं. मेण शिशापेक्षा जास्त ओघळतं, म्हणजे मेणावर जमलं तर शिशावर डोळे मिटून जमतं. बायको कुरकुरली की घरभर मेणाचा वास, पण पोरीनं चार दिवसांत लिंबू असं उतरवलं की मी उठून शिट्टी वाजवली.

परीक्षेच्या सकाळी मी वरच्या खिशात पैसे घेतले. रंगाऱ्याचे. परतताना त्याच्याकडे जायचं, दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाखाली ठमीचं नाव घालायला सांगायचं. तिला बोललो नव्हतो. रंगाऱ्याला मात्र अक्षरं किती मोठी हवीत ते आधीच दाखवून ठेवलं होतं. माझ्या नावाहून मोठी.

परीक्षा त्यांच्या ऑफिसच्या मागच्या शेडमध्ये. पत्र्याचं छप्पर, खिडक्या दोन आणि दोन्ही गंजून बंद. ओळीनं टेबलं, प्रत्येकावर शेगडी आणि शिशाचं भांडं. नातेवाइकांनी दाराशी उभं राहायचं. शेगड्या पेटल्या आणि तो वास आला. इतक्या वर्षांनी आला तरी मी ओळखला. जिभेवर गोडसर येतो. 

ठमी टेबलाशी गेली, भांड्यात डोकावली आणि उलट पावली माझ्याकडे आली. तोंडावर रुमाल. मला वाटलं घाबरली. मी म्हटलं, "अगं, मेणाहून सोपं आहे. हात सैल सोड."

ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हा धूर पोटातल्या बाळाला लागतो का?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुणाच्या बाळाला?"

"माझ्या," ती रुमालाआडून म्हणाली. 

मी आजोबा होणार हे मला असं कळलं, त्या शेडच्या दारात. दुसऱ्या कुणाला असं कळलं असतं तर त्यानं पोरीला जवळ घेतलं असतं, डोळे पुसले असते. माझं टाळकंच फिरलं. "आणि तू इथवर आलीस? अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडलो.

"कालच कळलं. तुम्हाला सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतं तुम्ही."

"नसतंच दिलं!"

"मग दुकान?"

मी आणखी मोठ्यानं ओरडलो. दुकान गेलं खड्ड्यात, म्हटलं. आणि तिला बाहेर, पार रस्त्याच्या पलीकडे उभी केली, आणि तसाच परीक्षकांकडे गेलो. परीक्षक पंख्याखाली बसले होते. शेडमध्ये पंखा एकच, तो त्यांच्या डोक्यावर. मी शक्य तेवढं नीट बोललो. पोरगी पोटुशी आहे, तिला शिसं चालत नाही, तिचा तांब्याचा जोड बघा, दहा बघा, वाटेल तसे कापून बघा.

"तांब्याचा जोड नियमात नाही."

"साहेब, बाहेर सगळं काम तांब्याचं आणि प्लॅस्टिकचं चालतं. शिशाला बंदी तुम्हीच घातलीत ना?"

"बंदी घातली ती वेगळ्या खात्यानं. आमची परीक्षा आहे. पुढच्या वर्षी बसवा त्यांना."

"मुदत या महिन्यात संपते."

"मग आज द्या." ते घड्याळात बघत म्हणाले. "आणि फी परत मिळत नाही, आधीच सांगतो."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते इथे सांगत नाही, पण सगळ्या शेडनं ऐकलं. हे माझे हात बघा, म्हणालो, याच धुरानं गेलेत, आता नातवंडाचे घ्यायचेत का, त्याची फी किती? मला वाटलं, आपल्याच धंद्यातली माणसं आहेत, एखादा तरी पळी खाली ठेवेल. एखादा तरी म्हणेल, काका बरोबर बोलतायत. जवळच्या टेबलावर एक चष्मेवाला पोरगा होता, क्लासचा शर्ट घातलेला. तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना. माझं शिसं थंड होतंय."

बाजूला झालो. काय करणार! चष्मेवाल्याचा जोड झाला, पास झाला, आणि बाहेर येऊन हात पुसत मला गाठलं. अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, तुमची अडचण ऐकली. माझा नंबर भाड्यानं घ्या की. काम ताईंनी करायचं, सही माझी. मला तसं नळाचं काम येत नाही अजून."

"नळाचं येत नाही?"

"क्लासमध्ये फक्त जोड शिकवला."

मी त्याला मारलं नाही. वयानुसार माणूस सुधारतो म्हणतात ते हेच असावं. पण डोळ्यांपुढे चित्र आलं: ठमी आयुष्यभर याच्या नंबरावर राबतेय, पाटीवर याचं नाव, आणि हा महिन्याच्या महिन्याला येऊन पाकीट नेतोय. आणि मी तसाच वळून तळमजल्याच्या खिडकीशी गेलो.

"साठीच्या वरचा आहे. मुदत बाकी आहे. मीच परीक्षा देतो."

खिडकीवाल्यानं मान वर केली नाही. "पुनर्परीक्षेची फी. वयाची जादा फी. ऐनवेळची फी. टेबल आणि जळण वेगळं."

मी वरच्या खिशातले पैसे काढले. थरथरत्या हातानं मोजताना एक नोट खाली पडली. मागच्या माणसानं उचलून दिली, भला होता. रंगाऱ्याचे सगळे पैसे त्या खिडकीत गेले. वर थोडे कमी पडले, ते पाकिटातून भरले. पावती मात्र लगेच मिळाली. पावतीला त्यांचे हात कधी थरथरत नाहीत.

शेडमध्ये शिरलो तेव्हा परीक्षक हसले. माझ्या हाताकडे बघून हसले. मी कोपरापर्यंत बाह्या वर केल्या. इतक्या वर्षांनी पळी हातात घेतली आणि शिसं ओतलं, तर पळी अशी हलली की थेंब उडून मनगटावर. कातडी चरचरली. चष्मेवाला दारातून म्हणाला, "अरेरे." मी दात आवळले आणि पळी सोडली नाही. सोडली असती तर शिसं थिजलं असतं आणि पुन्हा फी.

आता एक सांगतो. थरथर बोटांत असते. जोड बोटांनी पुसत नाहीत, खांद्यानं पुसतात. बोटांनी फक्त फडकं धरायचं, सगळा हात खांद्यापासून फिरवायचा, दळताना फिरतो तसा. माझा खांदा अजून माझ्या ताब्यात आहे. ओतताना मी दोन्हीकडे सांडलं, टेबल खराब केलं, पण फडकं पाइपखाली गेलं आणि हात आपोआप फिरायला लागला. मी काही विचार करत नव्हतो. फक्त रागानं मनातल्या मनात बडबडत होतो आणि जोड पुसत होतो. धूर सरळ नाकात. जिभेवर ती जुनी गोडी. आणि लिंबू उतरलं. गोल, गुळगुळीत, दोन्ही टोकांना बारीक होत गेलेलं. असा जोड तिथे त्या दिवशी कुणी दिला नव्हता.

परीक्षकांनी करवतीनं मधोमध कापून घेतला, आत बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. "वा! अशी कामं आता बघायला मिळत नाहीत," म्हणाले.

शप्पथ सांगतो, थुंकावंसं वाटलं. या शिशानं माझे हात खाल्ले, आणि त्याच हातांनी त्याच शिशाचा जोड दिला म्हणून मला पास केलं. आणि जी पोरगी या गावाचं पाणी चालवते ती रस्त्याच्या पलीकडे रुमाल धरून उभी, नापास सुद्धा नाही, गैरहजर.

कार्ड छापायची फी भरली. कार्ड गरमच हातात आलं. पुढे माझा फोटो, मागे बारीक अक्षरात अटी. मी चष्मा लावून वाचल्या. पहिलीच अट: परवानाधारकाने पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही कामात शिसे वापरू नये, वापरल्यास परवाना रद्द होईल. मी ती खिडकीवाल्यापुढे धरली आणि म्हटलं, "वाच." तो म्हणाला, "अटी सगळ्यांना माहीत असतात, काका. पुढचा!"

फाटकाबाहेर आलो तर ठमी रस्ता ओलांडून धावतच आली. माझ्या तोंडावरून तिला कळलं असणार, कारण ती हसत होती आणि रडतही होती. "बाबा, झालात ना पास? झालात ना? मनगटाला काय झालं?" माझा उजवा हात जोरात हलत होता, कार्ड फडफडत होतं. तिनं नेहमीसारखा आपला हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

मी इतक्या जोरात ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. तिच्या लहानपणीही मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. ती दचकून मागे सरली, हात तसाच अर्ध्यात. मग तिनं माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं, शर्टावरच्या करड्या भुकटीकडे बघितलं, आणि तिला समजलं. तिनं हात मागे घेऊन पोटावर ठेवला.

"आई काय म्हणेल तुम्हाला," एवढंच म्हणाली.

"म्हणू दे. कपडे बाहेरच टाकतो. अंघोळ केल्याशिवाय कुणी माझ्या जवळ यायचं नाही."

मग आम्ही घरी निघालो. ती फुटपाथच्या आतल्या बाजूनं, मी पार कडेनं. रंगाऱ्याचं दुकान आलं तेव्हा त्यानं आतून हात केला, मी मान दुसरीकडे वळवली. परवाना दोन वर्षांचा आहे. दोन वर्षांनी बाळ चालायला लागलेलं असेल, आणि त्याची आई त्याच शेडमध्ये त्याच भांड्यावर वाकून उभी असेल, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याला उचलून घेईल. हे मी घडू देणार नाही. कसं ते मला अजून माहीत नाही, पण त्या खिडकीवाल्याचं आणि माझं बोलणं संपलेलं नाही.

घर येईपर्यंत माझा हात हलतच होता. ठमी दोन-तीनदा वळून बघत होती, आणि मी दर वेळी तो खिशात लपवत होतो.